कानातले काजूगर

समोरची बिल्डिंग पाडायला घेतली, त्या दिवसापासून आमच्या घरात कोणी कोणाचं ऐकेनासं झालं. आधीही फारसं कोणी ऐकत नव्हतंच म्हणा, पण आता निदान कारण मिळालं.

आम्ही मुलुंडला राहतो, तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नसलेल्या जुन्या सोसायटीत. समोरच्या सोसायटीचं रिडेव्हलपमेंट निघालं. माणसं भाड्याच्या घरांत पांगली, खिडक्यांच्या चौकटी निघाल्या, आणि मग ब्रेकर आला. काँक्रीट फोडायचं हे मशीन सकाळी चहा पोटात जिरायच्या आत सुरू व्हायचं. कपाटातल्या काचेच्या बश्या एकमेकींना टेकून थरथरायच्या. तूरडाळीच्या बरणीत डाळ आपोआप सपाट व्हायची. बायको कपाळाला हात लावून म्हणायची, "शिरा पडो त्या मशीनवर!" मालवणीत यापेक्षा जास्त जालीम शाप आहेत, पण ते ती माझ्यासाठी राखून ठेवते.

माझं ऑफिस अंधेरीला. आठवड्यातले काही दिवस मी घरून काम करतो, म्हणजे जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसतो आणि स्वयंपाकघरातून कसला वास येतोय त्याचा अंदाज घेतो. मुलाचं ऑफिस बंगलोरला. तो कायमच घरून, आतल्या खोलीत, दार लावून. जेवायला बाहेर येतो तेव्हा एखाद्या पाहुण्यासारखा दिसतो.

"पप्पा, तुम्ही इअरबड्स घ्या," तो एकदा जेवताना ओरडला. ब्रेकर चालू असताना ओरडूनच बोलावं लागायचं. "नॉइज कॅन्सलिंगवाले. ब्रेकर गायब!"

"कोण गायब?" बायको.

"ब्रेकर!"

"देव पावला!"

मी मनावर घेतलं. मी कुठलीही गोष्ट मनावर घेतली की घरच्यांच्या पोटात गोळा येतो. बायकोला बघायला गेलो तेव्हा मी कांदेपोहे संपायच्या आत होकार दिला होता, हे ती अजून सांगते. पण या इअरबड्ससाठी मी अख्खा श्रावण घालवला. ऑफिसच्या बसमध्ये परीक्षणं वाचली. बॅटरी किती चालते, कानातून काढले की गाणं आपोआप थांबतं का, एकाच वेळी फोन आणि लॅपटॉप दोन्हींना जोडता येतात का. एकात भाषांतराची सोय होती, समोरचा जपानी बोलला तर कानात इंग्रजी ऐकू येईल. मुलुंडमध्ये माझ्याशी जपानी कोण बोलणार? तरी त्या सोयीपाशी मी बराच रेंगाळलो. एकात मान हलवून फोन उचलायची सोय होती. ती मात्र लगेच बाद केली. बॉस बोलत असताना मी सारखी मान हलवतो. कोणाकोणाचे फोन उचलले गेले असते देव जाणे.

किंमत मधली हवी होती. हरवले तर चुटपुट लागेल, पण सुतक लागणार नाही, अशी. शेवटी उरले दोन, एक काळे आणि एक पांढरे. मी दोघांच्या मध्ये लंबकासारखा झुलत राहिलो. मुलानं वैतागून दोन्ही मागवले. "वापरून बघा, एक ठेवा, एक परत करा. मुदत आहे. पण पप्पा, ती मुदत संपायच्या आत ठरवा हां प्लीज."

डब्या उघडल्या तेव्हा बायको हात पुसत बघायला आली. "हे काय, काजूगर?"

आता त्यात काही चूक नव्हती. कोवळ्या ओल्या काजूगरासारखाच आकार, तसाच बाक. त्या दिवसापासून आमच्या घरात इअरबड्स हा शब्द बंद झाला.

काजूगरांबरोबर रबराच्या टोप्या येतात, लहान, मध्यम आणि मोठ्या. मोबाइलमधलं अॅप कानात टिंग टिंग करून सांगतं की बसल्या की नाहीत. माझ्या उजव्या कानाला मध्यम लागली आणि डाव्याला लहान. इतकी वर्षं दोन वेगळ्या मापांचे कान घेऊन मी हिंडत होतो आणि कोणी बोललं नाही.

"मला लग्नातच दिसलं होतं," बायको म्हणाली. "मुंडावळ्या एका बाजूला घसरत होत्या."

आधी काळे घातले. ब्रेकर चालू होता. बोटानं टिचकी मारली, आणि सगळं जग मागे सरकलं.

मला गावच्या व्हाळाची आठवण झाली. पावसाळा सरला की आमचा ओढा निवळायचा, आणि आम्ही पोरं त्यात डोकं बुडवून बसायचो. वर आई हाका मारते आहे, म्हशी ओरडताहेत, हे माहीत असायचं, पण खाली फक्त एक हिरवा, जाड शांतपणा. दगडावरून सरकणारं ऊन. काळ्या काजूगरांनी तो हिरवा शांतपणा मला जेवणाच्या टेबलावर आणून दिला. समोर भिंती कोसळत होत्या, धूळ उठत होती, पण आवाज नव्हता. एक अख्खा गच्चीचा कोपरा खाली आला आणि तो मला कापसाच्या गादीसारखा वाटला. मी किती वेळ तसा बसलो कोण जाणे. लॅपटॉप झोपून गेला होता.

"झकास ना?" मुलानं विचारलं. त्याच्या ओठांवरून कळलं.

"झकास!" मी एवढ्या मोठ्यानं म्हणालो की तो दचकला.

म्हणजे प्रश्न मिटला होता. पण मी पडलो न्यायी माणूस. पांढऱ्यांवर अन्याय नको, म्हणून दोन दिवसांनी ते घातले.

पांढरे तसे सामान्यच. ब्रेकर पूर्ण जाईना, लांबच्या शेतातल्या पंपासारखा घुरघुरत राही. मी कान खाजवला. या काजूगरांना नुसता स्पर्श झाला तरी काहीतरी होतं. एक बाई कानात काहीतरी इंग्रजीत बोलली, आणि त्यांची ती खास सोय चालू झाली. माणसांचे आवाज तेवढे आत सोडायचे आणि बाकीचा गोंगाट दाबायचा. परीक्षणात लिहिलं होतं, 'बरी आहे, पण लोक सहसा वापरत नाहीत.'

ब्रेकरची घुरघुर आणखी खाली गेली. आणि तिच्यातून, धुक्यातून होडी यावी तसं, गाणं आलं.

*नारळ खवला, खवला गं बाई…*

मला वाटलं फोनवर काही लागलं. फोन बंद होता. मी मान वळवली. स्वयंपाकघरात बायको पाठमोरी, विळीवर बसून खोबरं खवत होती. खवताना खांदा पुढे मागे होत होता, आणि त्याच ठेक्यावर गाणं.

*नारळ खवला, खवला गं बाई,*
*नारळात पाणीच नाही…*

मी सोय बंद केली. नुसता ब्रेकर. दोन्ही काजूगर काढून बघितले. धडधडधड, बाकी काही नाही. पुन्हा घातले, पुन्हा गाणं. ब्रेकर थांबला की तीही थांबायची, तिथल्या तिथे, अर्ध्या शब्दावर. सुरू झाला की पुढचा अर्धा शब्द. ती ब्रेकरच्या आडोशानं गात होती.

हे सांगायचं तर थोडं मागे जावं लागेल. माझी बायको गाणी म्हणत नाही, गाणी करते. चाल कुठल्यातरी भजनाची नाहीतर माहेरच्या फुगडीची, आणि शब्द समोर असेल त्याचे. कणीक सैल झाली तर कणकेवर गाणं, गॅस संपला तर गॅसवर. लग्न झाल्यापासून आमचं घर त्या आवाजावर चालत आलं. आणि मग एकदा तिचं सुक्या बोंबलांवरचं गाणं मुलाच्या मीटिंगमध्ये गेलं. त्याचा माइक चालू राहिला होता. बंगलोरची सगळी माणसं हसली. वाईट नाही, प्रेमानं. साहेबांनी विचारलंही, कोण गातंय म्हणून. जेवताना मुलानं हसत हसत सांगितलं, "आई, तू फेमस झालीस. पण प्लीज हां, मीटिंग असली की…"

सगळ्यात जास्त तीच हसली. तोंडाला पदर लावून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. आणि त्यानंतर स्वयंपाकघरातून पुन्हा सूर आला नाही.

कोणी बंद कर म्हणालं नव्हतं. भांडण नाही, रुसवा नाही. म्हणून कोणाच्या लक्षातही आलं नाही. मला मधूनमधून घर काहीतरी वेगळं वाटायचं. फ्रिजचा आवाज बदललाय का, म्हणून मी मेकॅनिकलासुद्धा बोलावून आणलं होतं. त्यानं फ्रिज पुढे ओढला, मागची धूळ दाखवली आणि निघून गेला. आता पांढरे काजूगर घालून बसल्यावर कळलं, फ्रिज ठीक होता.

पुढचे दिवस मी तरंगत काढले. सकाळी ब्रेकर कधी सुरू होतो याची वाट बघायचो. अख्ख्या गल्लीत त्या मशीनची वाट बघणारा मी एकटाच असेन. सुरू झाला की पांढरे घालायचे, चेहरा कामाचा करायचा, आणि ऐकायचं. पडद्यातून धुळकट पिवळं ऊन यायचं, समोरच्या पडक्या खोल्यांच्या गुलाबी, पोपटी भिंती उघड्यावर उन्हात उभ्या असायच्या, आणि कानात माझ्याच घरातली बाई, कुठून तरी दुरून, व्हाळाच्या पलीकडून यावी तशी गायची. लॅपटॉपवरचे आकडे हळूहळू भाताच्या रोपांसारखे डुलायला लागायचे.

गाण्यात सगळं असायचं. वाढलेल्या टोमॅटोचा उद्धार असायचा. गेलेल्या आईला एखादी ओळ असायची, हळू. मीसुद्धा असायचो.

*कानात काजू, डोळ्यांवर चाळशी,*
*आमचा बुवा लाखात आळशी…*

हे ऐकून चेहरा सरळ ठेवणं किती कठीण आहे ते लग्न झालेल्यांनाच कळेल. आणि एक दिवस आलं:

*जिना म्हणतो ये गं, ये गं,*
*गुडघा म्हणतो नको…*

गुडघ्याचं मला माहीत नव्हतं. मला ती म्हणालीच नव्हती. दुसऱ्या दिवशी मी पिशवी घेऊन खाली उतरलो आणि भाजी घेऊन आलो. त्यानंतरच्या दिवशीही. बायकोनं पिशवीत डोकावून बघितलं, मग माझ्याकडे.

"आज काय उगवलं?"

"काही नाही. म्हटलं पाय मोकळे करावे."

"तुमचे पाय कधीपासून बांधलेले होते?"

तिला संशय आला होता, पण कशाचा ते तिला कळत नव्हतं. मला मात्र कळत होतं की मी धोक्याच्या कडेवर चालतोय. तिला वाटत होतं मी बंद आहे. माझ्या कानात काजूगर, मुलाच्या कानात त्याचे, दार बंद, वर ब्रेकर. सगळं जग कुलूपबंद, म्हणून ती मोकळी. तिला कळलं की मी ऐकतोय, तर गाणं जाणार. बोंबलांसारखं, हसत हसत, कायमचं.

इकडे मुलगा मुदत धरून बसला होता.

"काळे ठेवा ना पप्पा. सगळीकडे काळ्यांनाच चांगलं म्हटलंय."

"पांढरे बरे वाटतात."

"पांढऱ्यांचं कॅन्सलिंग काहीच नाही यार! नक्की कशासाठी हवेत तुम्हाला?"

"रंग," मी म्हणालो.

"रंग?"

"माझ्या शर्टांवर जातात."

त्यानं आईकडे बघितलं. आईनं खांदे उडवले. "पन्नाशीनंतर होतं असं. माझे काका एकदम गुलाबी शर्ट घालायला लागले होते."

आणि मग मी तोंडघशी पडलो. दोष माझा नाही, माझ्या तोंडाला लागलेल्या वळणाचा.

आमच्या गावाकडच्या भजनात एक बुवा असतो आणि मागे कोरस. बुवा पेटीवर बसून ओळ म्हणतो, मुरडतो, शेवटी एका जागी आणून सोडतो, आणि त्या क्षणी कोरसनं ती उचलायची. थांबायचं नाही, विचार करायचा नाही. बुवाचा श्वास संपला तिथे आपला सुरू. मी लहानपणापासून कोरसमध्ये बसलो. झांज वाजवायचो आणि ओळ उचलायचो. बुवा व्हायची माझी लायकी कधी नव्हती, पण कोरसला मी पक्का होतो. रात्रीच्या जागरणात पेंगत असलो तरी ओळ पडू द्यायचो नाही.

त्या दिवशी पुन्हा नारळच होता. मी टेबलावर हनुवटी टेकून अर्धवट स्वप्नात होतो. तिनं दोन ओळी म्हटल्या, आणि शेवटच्या 'नाही'ला अशी सुरेख मुरड घेतली, अगदी बुवासारखी, आणि सोडली.

आणि माझ्या तोंडानं ती उचलली.

"*नारळात पाणीच नाही… हो, नारळात पाणीच नाही!*"

पोटातून. झांजेच्या ठेक्यासह. टेबलावर हातानं.

विळीचा आवाज थांबला. ब्रेकर चालू होता, पण मला वाटलं तोही दबकला. बायको स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. बोटांना खोबरं लागलेलं.

"म्हणजे ऐकू येतं?"

मी काजूगर काढला. "येतं."

"कधीपासून?"

"पहिल्या नारळापासून."

तिनं मनातल्या मनात मागची गाणी तपासली. ते तिच्या चेहऱ्यावर दिसलं. टोमॅटो गेला, आई गेली, आळशीपाशी आली. "चाळशीचंही?"

"तेही."

"आणि गुडघा… म्हणून भाजी?"

ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती हसली, तसंच, तोंडाला हात लावून. "अगं बाई," म्हणाली, आणि आत गेली.

दुसऱ्या दिवशी ब्रेकर सुरू झाला. मी पांढरे घातले, सोय चालू केली. शेजारच्या वहिनींचा फोनवरचा आवाज आला, खाली वॉचमन कोणाला तरी गाडी मागे घ्यायला सांगत होता तो आला. स्वयंपाकघरातून विळीचा खरखराट, फक्त. त्याच्या दुसऱ्या दिवशीही. घर पुन्हा त्या मेकॅनिकच्या दिवसांसारखं झालं. जेवताना ती नेहमीसारखी बोलायची, चिडवायची, सगळं ठीक. तेच तर वाईट होतं.

मुदतीचा शेवटचा दिवस आला. सकाळी मी पांढरे पुसून त्यांच्या डबीत ठेवले, डबी खोक्यात, आणि खोकं टेबलावर ठेवलं, तिला दिसेल असं.

"हे परत," मी म्हणालो. "काळे ठेवतो. त्यातून काही म्हणजे काही ऐकू येत नाही. देवाशप्पथ."

"बघू," ती म्हणाली.

मी काळे घातले, टिचकी मारली. जग मागे सरकलं. हिरवा शांतपणा. मी खिडकीकडे तोंड करून बसलो. थोड्या वेळानं पाठीवर कोणाची तरी चाहूल लागल्यासारखं वाटलं, पण मी वळलो नाही. नंतर मुलानं सांगितलं, की आई माझ्यामागे उभी राहून मोठ्यानं म्हणत होती, "अहो, पाल!" मी पालीला किती घाबरतो ते सगळ्या खानदानाला माहीत आहे. मी ढिम्म.

खिडकीच्या सरकत्या काचेत आमचं स्वयंपाकघर दिसतं, पुसट, समोरच्या पडक्या भिंतींच्या वर तरंगत असल्यासारखं. गुलाबी खोलीच्या मधोमध आमचा गॅस, पोपटी खोलीत आमची भांडी. आणि त्या सगळ्याच्या मध्ये ती. मी बघत राहिलो. पातेलं चढवलं. मीठ टाकलं. खांदा हलायला लागला.

आणि ओठ.

काय म्हणत होती कळत नव्हतं. ओठ रुंद व्हायचे, मिटायचे, मान किंचित डावीकडे जायची. ती गात होती, आणि ते ऐकायला मी नव्हतो. बरं वाटलं. मी मनात म्हटलं, ठीक आहे. ती गाते आहे ना? मग काळेच बरोबर. मी काचेतल्या त्या मुक्या गाण्याकडे बघत हळूच मांडीवर ठेका धरला, अंदाजानं.

मग मला समोर काहीतरी वेगळं दिसलं. ब्रेकरवाला मशीन खाली ठेवून गुलाबी भिंतीच्या सावलीत बसला होता. बाकीचेही डबे उघडून बसले होते. एक जण बाटलीतून वरून पाणी पीत होता. काम बंद होतं. कधीचं बंद होतं कोण जाणे; मला काळ्यांमुळे कळलंच नव्हतं.

मी काचेत बघितलं. ओठ चालूच होते.

आडोसा गेला होता आणि ती थांबली नव्हती. अख्ख्या गल्लीत शांतता असणार, खालच्या वॉचमनपर्यंत ऐकू जात असणार, आणि एकटा मीच बसलो होतो बुडलेल्या डोक्यानं. हात कानाकडे जायला निघाला. पण शपथ घेतली होती. हात परत मांडीवर ठेवला.

काचेतली ती मोठी होत गेली, जवळ आली, आणि मग काचेतून नाहीशी झाली. डाव्या कानाला थंड, ओली बोटं लागली. लहान टोपीचा काजूगर फट्दिशी निघाला आणि मुलुंड आत आलं, कावळा, कुकर, कोणाचा तरी हॉर्न, आणि तिचा आवाज.

"मघापासून ओळ सोडतेय," ती म्हणाली. "कोरस कोण धरणार?"

मी खिडकीबाहेर बोट दाखवलं. "पण… ब्रेकर बंद आहे."

"मला कान आहेत. एकाच मापाचे." तिनं खोकं पुढे सरकवलं. "ते चोरटे पांढरे आजच्या आज परत करा. हे काळे राहू देत. पण एकच घालायचा. एक कान घरात ठेवायचा."

ती परत आत गेली आणि पहिल्यापासून सुरू केलं. या वेळी कालवणावर होतं काहीतरी, कोकमं आणि त्यांच्या नखऱ्यांवर. ओळ मुरडली, सोडली. मी उचलली. आवाज बसका निघाला, पण ओळ पडू दिली नाही.

आतल्या खोलीचं दार उघडलं. मुलाचं डोकं बाहेर आलं, कानात त्याचे काजूगर, चेहरा कासावीस.

"आई! पप्पा! मीटिंग आहे ना!"

"मग तू म्यूट हो," बायको आतून म्हणाली, आणि पुढच्या ओळीला हात घातला.